पाट आणि पत्रिका

पत्रिका पिवळ्या जाड कागदाची होती. वर गणपती, दोन्ही कडांना केळीचे खांब, मधोमध 'आमचे येथे श्रीकृपेकरून', आणि तळाशी एका तिरक्या चौकटीत 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असे म्हणणाऱ्या चार भाच्यांची नावे. परतवाड्याच्या छापखान्यांतून लगीनसराईत अशा पत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे निघतात. एरवी मी तारीख बघून ती फ्रिजवर ठेवून दिली असती. पण ही आली होती चिखलदरा तालुक्यातल्या एका ढाण्यातून, म्हणजे पाड्यातून, कोरकू आदिवासींच्या घरातून. ती घेऊन घाट उतरून आलेल्या गृहस्थांना सारा ढाणा पटेल म्हणतो, म्हणून मीही पटेलच म्हणतो. लग्न त्यांच्या धाकट्या मुलाचे.

"कार्ड कायले छापलं, पटेल? निस्तं सांगतलं असतं तरी आलो असतो," मी म्हणालो.

"तुमी आले असते, साहेब. पन आमच्यातले नसते आले. तोंडी सांगतलं त आता म्हंतेत, बलावलंच कुठी?"

पटेलांचे स्वतःचे लग्न मला ठाऊक होते, कारण त्यांनीच ते अनेकदा सांगितले आहे. त्यांच्या बापाकडे देज द्यायला काही नव्हते. देज म्हणजे मुलीच्या घरून एक राबते माणूस कमी होणार, त्याची मुलाकडून होणारी भरपाई. ती देता येत नसेल तर मुलाने मुलीच्या घरी जाऊन राहायचे, सासऱ्याचे शेत करायचे, गुरे वळायची, लाकूडफाटा आणायचा. अशा मुलाला लमझना म्हणतात. पटेल पाच वर्षे लमझना होते. सासू कशी परीक्षा बघायची, भाकरी कुठल्या कोपऱ्यात बसून खावी लागायची, हे ते अजून हसून सांगतात. आता त्यांच्याच मुलाच्या लग्नात मुलीकडून लोखंडी कपाट येणार होते, पलंग-गादी येणार होती, भांडी येणार होती, आणि जमलेच तर मोटरसायकलचे अर्धे पैसे. हे सगळे त्यांनी मी न विचारता सांगितले. आवाज खाली न आणता, चांगले खणखणीत. आणि शेवटी म्हणाले, "आमी बी सुधरलो आता."

हे 'सुधरणे' या पुस्तकाचा विषय आहे. सुधारणा म्हटले की डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईचे फेटे, पगड्या आणि वर्तमानपत्रे येतात. सुधरणे हे बाजारातले, एस.टी.तले क्रियापद आहे. माणूस सुधरतो, गाव सुधरते, घर सुधरते. आणि दर वेळी त्याचा अर्थ विचारला तर उत्तर वेगळे मिळते. सरकारी नोकरीत विस्तार अधिकारी म्हणून मी या तालुक्यात बरीच वर्षे फिरलो. पुढची प्रकरणे त्या फिरतीत दैनंदिनीच्या मागच्या पानांवर केलेल्या टिपणांतून झाली आहेत. पुढच्या पानांवर योजना, मागच्या पानांवर माणसे. नोकरी सुटल्यावर लक्षात आले की पुन्हा वाचावेसे वाटते ते मागचेच.

चिखलदरा बहुतेकांना थंड हवेचे ठिकाण म्हणून ठाऊक आहे. विदर्भातले हे एकमेव. उंची सुमारे 1100 मीटर. पावसाळ्यात शनिवार-रविवारी अमरावती-अकोल्याच्या गाड्यांची रांग लागते, भीमकुंडाजवळ धुक्यात कणसे भाजली जातात, गवळ्यांचा खवा आणि रबडी पिशव्यांतून खाली उतरते. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले म्हणून कीचकदरा आणि त्याचे चिखलदरा, ही कथा प्रत्येक गाईड सांगतो. इंग्रजांच्या कागदांत मात्र हे गाव 1823 साली कॅप्टन रॉबिन्सनने 'शोधले'. त्या दिवशी इथे राहणाऱ्या गवळ्यांना आणि कोरकूंना आपण हरवलो होतो याची कल्पना नसावी.

पाहुण्यांची अशी समजूत असते की पॉइंटांच्या पलीकडच्या दऱ्यांत आदिवासी 'जसे होते तसे' राहतात. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी तेच समजून गेलो होतो. पण जसे होते तसे राहायला त्यांना कोणी सवडच दिलेली नाही. शेजारचा गाविलगड 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीने घेतला. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. 1860 च्या दशकात चिखलदऱ्याभोवतीच्या मेळघाटचे जंगल राखीव होऊ लागले आणि डोंगर जाळून करायची फिरती शेती हळूहळू बंद पडली. पाद्री आले, त्यांच्यातल्या जॉन ड्रेकने 1903 साली कोरकू भाषेचे व्याकरण छापले. या भाषेचे सख्खे नातलग संथाळी आणि मुंडारी, म्हणजे पार झारखंडाकडचे. 1974 साली व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नवांतला एक. दर तीस-चाळीस वर्षांनी इथल्या माणसाला कसे राहायचे, काय कसायचे, कुणाला विचारून लाकूड तोडायचे हे नव्याने शिकावे लागले. तेव्हा 'परंपरा मोडली' असे कोणी म्हणाले की मी विचारतो, कोणत्या सालातली?

आता घाटाखाली येऊ. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' 1882 साली पुण्यात छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर बालहत्येचा खटला झाला, वर्तमानपत्रांनी तिच्यासह साऱ्या बायकांवर तोंडसुख घेतले, त्यावर संतापून केलेले हे लिखाण. पुनर्विवाहाची बंदी ही फक्त ब्राह्मणांची गोष्ट राहिलेली नाही, वरच्या म्हणवणाऱ्या इतर घरांतही ती शिरली आहे, हे वऱ्हाडातल्या एका मराठा घरातली बाई स्वतःच्या नावाने सांगत होती. तिचे ऐकून घेणारे फार थोडे निघाले. पुस्तक विस्मृतीत गेले आणि 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हा महाराष्ट्राला कळले की असे काही लिहिले गेले होते.

ताराबाई बुलढाण्यात हे लिहीत होत्या त्या काळात मेळघाटातली कोरकू विधवा काय करीत होती? दुसरे घर करीत होती. नवऱ्याशी पटले नाही तर सोडत होती, आणि पंच बसून देजाचा हिशेब मिटवत होते. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा मोठा ग्रंथ 1916 सालचा. कोरकूंमधला विधवाविवाह आणि काडीमोड त्यात नेहमीची बाब म्हणून नोंदलेला आहे. खाली ज्यासाठी पुस्तके लिहावी लागत होती, वर्तमानपत्रे काढावी लागत होती, अकोल्यात शाळा शिकलेल्या आगरकरांना स्वतःच्या जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागत होती, ते वर कोणी चळवळ न करता चालू होते.

येथे एक खुलासा आधीच करतो, नाहीतर पुढचे सगळे पुस्तक चुकीच्या सुरात वाचले जाईल. कोरकू बाई स्वर्गात राहत होती असे मला म्हणायचे नाही. पहाटे पाण्याला तीच जात होती, कुटकी तीच कांडत होती, मोहाची पिऊन आलेल्या नवऱ्याचा मार तीच खात होती, आणि गावात गुरे किंवा पोरे मरू लागली की डाकीण म्हणून बोट तिच्याचकडे वळत होते. नवरा सोडता येणे ही मोठी गोष्ट खरी, पण तेवढ्याने भाकर थापायची चुकत नाही.

आणि घाटाखालीही सगळीकडे ताराबाईंचे घर नव्हते. कुणबी, माळी, तेली, महार, सगळ्यांत पाट लागत असे. विधवेचे किंवा सोडलेल्या बाईचे दुसरे लग्न म्हणजे पाट. कुठे मोहतूर म्हणत. रात्री, थोड्या माणसांत, बेताच्या थाटात, पण पंचांच्या साक्षीने लागलेले लग्न. शेतकऱ्याच्या घरात धडधाकट तरुण बाई जन्मभर कोपऱ्यात बसवणे कोणाला परवडणार?

मग हा पाट गेला कुठे? माझ्यापुरते उत्तर मला एका फेरफारात सापडले. वाटणीच्या कामासाठी अचलपूर तालुक्यातल्या आमच्या वावराचे जुने कागद काढले होते. एका नोंदीत माझ्या पणजोबांच्या नावापुढे बायकोचे नाव होते, आणि त्यापुढे 'पाटाची'. ही माझी पणजी. लहानपणापासून ज्या बाईचा फोटो देवघराशेजारी बघत आलो, जिच्या नावाने श्राद्धाचे पान वाढले जात होते, तिचे आमच्या घरात येणे पाटाने झाले होते आणि हे मला वयाच्या पन्नाशीत तलाठ्याच्या अक्षरातून कळले. आजी तेव्हा नव्वदीच्या घरात होती. तिला विचारले. ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, "आपल्यात तसं नसते."

नसते! तिची स्वतःची सासू त्या रीतीने घरात आली होती. तिनेच तिची शेवटची दुखणी काढली होती. पण मधल्या साठ-सत्तर वर्षांत घरात विहीर झाली, ओलीत झाले, एक काका वकील झाला, लग्नसंबंध देशमुखांच्या घरांशी जुळावेत असे वाटू लागले. आणि त्या घरांत पाट नव्हता. म्हणून आमच्याकडचाही गेला. ठराव झाला नाही, कोणी बंदी घातली नाही. आधी बोलणे बंद झाले, मग करणे. आजीची एक नणंद सोळाव्या वर्षी विधवा झाली आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारली. तिच्या आईच्या पिढीत तिचे दुसरे लग्न झाले असते. घर सुधरल्यामुळे झाले नाही.

समाजशास्त्रात याला नाव आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी 1952 साली कुर्गवरच्या पुस्तकात संस्कृतीकरण ही कल्पना मांडली: खालची मानलेली जात वर चढू पाहते तेव्हा वरच्यांच्या चालीरीती उचलते, आणि त्या चालीरीतींत बायकांवरची बंधने ठळक असतात. पुढे हुंड्यावर लिहितानाही त्यांनी देज घेणारी घरे हुंडा देऊ लागतात त्याचा विचार केला. कल्पना उपयोगी आहे. मात्र वाती वळताना आजीच्या तोंडावर जे होते ते तिच्यात मावत नाही. ती खोटे बोलत नव्हती. 'आपल्यात' या शब्दातली माणसे बदलली होती, आणि त्या नव्या माणसांत खरोखरच तसे नसते.

माझे या पुस्तकातले म्हणणे काही असेल तर ते इथे आहे. रीत मनात राहते असे आपण धरून चालतो, म्हणून ती बदलायला मने बदलायला निघतो: व्याख्यान, पथनाट्य, भिंतीवरची घोषणा. मी स्वतः अशा घोषणा रंगवून घेतल्या आहेत, बिले मंजूर केली आहेत. पण रीत राहते ती आपल्याकडे कोण बघते आहे त्यात. 'लोक काय म्हणतील' मधले लोक कोण, यात. ते लोक बदलले की माणूस एका हंगामात बदलतो. ते बदलले नाहीत तर मनातून पटूनही आयुष्यभर बदलत नाही.

चीनमध्ये मुलींची पावले बांधून लहान ठेवण्याची चाल शतकानुशतके टिकली. ती क्रूर आहे हे आयांना कळत नव्हते थोडेच? त्यांची स्वतःची पावले बांधलेली होती. पण न बांधलेल्या पावलाची मुलगी कोण करणार? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मंडळ्या निघाल्या आणि सभासदांनी दोन शपथा एकदम घेतल्या: आपल्या मुलींची पावले बांधणार नाही, आणि बांधलेल्या पावलांची सून आणणार नाही. दुसऱ्या शपथेने पहिलीला जागा करून दिली. जिथे अशा शपथा झाल्या तिथे शेकडो वर्षांची चाल एका पिढीत उठली. जेरी मॅकी या अभ्यासकाने 1996 साली हे उलगडून दाखवले. मी ते वाचले तेव्हा मला आमच्याकडचे गाडगेबाबा आठवले. बाबांच्या, म्हणजे तेव्हाच्या डेबूजीच्या, मुलीचे बारसे होते. जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूचे जेवण व्हायला हवे होते. डेबूजीने गोड जेवण घातले. जातभाई चिडले, पण पंगत बसली आणि जेवण झाले. हजार कीर्तने पुढची. पहिले काम पंगतीत झाले. तिथे जातीतले सगळे एकमेकांच्या पत्रावळीकडे बघत होते.

उलटे उदाहरणही जवळचेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना तसे करण्याचे परिपत्रक काढले. त्यानंतर पुष्कळ गावांत ठराव झाले, वह्यांत डकवले गेले. पुढच्या संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू होते. सुनेने मुद्दाम आमच्या विधवा आत्याला बोलावले, पाटावर बसवले, करंडा पुढे केला. आत्या हसली, तिळगूळ घेतला आणि दोन्ही हात पदराखाली नेले. खोलीत अकरा बायका होत्या. आत्या करंड्याकडे बघत नव्हती, त्या अकराजणींकडे बघत होती. त्यांतल्या एकीने जरी "घ्या हो वन्सं" म्हटले असते तर! पण त्या अकराजणी सुनेच्या सासूकडे बघत होत्या, म्हणजे माझ्या बायकोकडे. आणि ती, मला वाटते, माझ्याकडे.

पुस्तकातला सर्वांत मोठा भाग दवाखान्याचा आहे, कारण माझ्या नोकरीच्या काळात मेळघाटात सर्वांत जास्त ओढाताण तिथे झाली. कुपोषणाने आणि साध्या दुखण्यांनी दगावणारी मुले 1993 पासून वर्तमानपत्रांत येऊ लागली आणि मेळघाट हे नाव त्या बातम्यांना चिकटून बसले. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या विळ्याने चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. पोटावरचे ते काळे व्रण मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा दोन दिवस जेवण गेले नाही. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, गुन्हे दाखल होऊ लागले. कायदा हवाच होता. त्याने एक मात्र झाले: ज्या घरात डंबा दिला ते घर बाळ आणखी बिघडले तरी दवाखान्यात यायला कचरू लागले, कारण पोटावर पुरावा होता. एका आशाताईने यावर काढलेली वाट कुठल्याही योजनेत लिहिलेली नाही. ती कोरकूच, त्याच ढाण्यातली सून. ती आधी भूमकाकडे जायची. गावाचे देवधर्म बघणारा तो म्हातारा. त्याला म्हणायची, तुमची पूजा करा, नारळ फोडा, मग तुमीच सांगा दवाखान्यात न्या म्हणून. भूमकाने सांगितले की सासू ऐकायची. भूमका कधी ऐकायचा, कधी नाही. ज्या वर्षी त्याच्या स्वतःच्या नातवाला झटके आले आणि तो धारणीच्या दवाखान्याच्या गाडीत बसला, त्या वर्षापासून ऐकू लागला.

बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांची गोष्ट महाराष्ट्राला आता माहीत आहे. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली. एक रुपयाची फी सर्वांच्या लक्षात राहते. मला त्यातली दुसरीच घटना महत्त्वाची वाटते. त्यांचे पहिले मूल तिथेच जन्मले आणि जिवावरच्या दुखण्यात सापडले. अकोल्याला न्या, असे गावकरीच सांगू लागले. स्मिताताईंनी ठरवले की इथल्या बायांच्या मुलांवर जसे उपचार होतात तसेच याच्यावर इथेच होतील. बाळ वाचले. त्या दिवसानंतर गावाची नजर बदलली, असे दोघेही सांगतात. मला वाटते, त्या आधी डॉक्टर 'लोकां'त नव्हते. त्या दिवशी आले. असे वागावे असे मी कोणाला सुचवणार नाही, माझ्याच्याने ते झाले नसते.

कधी कधी मात्र कुणाच्या नजरेचा प्रश्नच येत नाही. एक रकाना पुरतो. व्याघ्र प्रकल्पातल्या गावांच्या पुनर्वसनात 2008 साली प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपये ठरले. आता कुटुंब म्हणजे काय? अठरा वर्षांवरचा मुलगा हे वेगळे कुटुंब, त्याचे लग्न झालेले असो वा नसो. अठरा वर्षांवरची अविवाहित मुलगी हेही वेगळे कुटुंब. कोरकू ढाण्यात समोरासमोर दोन रांगांत घरे असतात, मधे रुंद झाडलेला रस्ता. घर म्हणजे एक चूल, हे तिथले मोजमाप. फॉर्मने ते एका दुपारीत बदलले. एका बापाने मला बोटांवर हिशेब करून दाखवला होता की मुलीचे लग्न यंदा लावले तर किती, आणि दोन वर्षे थांबले तर किती. मुलीचे लग्न उशिरा करा, हे आम्ही कित्येक वर्षे भिंतींवर लिहीत होतो! ज्यांना हा हिशेब नीट लागला नाही, किंवा लागूनही खाली पोट भरेना, त्यांतले कितीतरी परत वर गेले. 2019 च्या जानेवारीत अकोट बाजूच्या केलपाणी-गुल्लरघाटात गावकरी आणि वन कर्मचारी यांच्यात झालेली मारामारी वर्तमानपत्रांतून आपण वाचली आहे. त्या प्रकरणात मी जास्त शिरलेलो नाही. ते लिहायला जे तिथे राहिले त्यांनीच बसावे.

घाटाच्या पायथ्याचे पायविहीर यापेक्षा आनंदाचे. वनहक्क कायद्याखाली 2012 साली गावाला 193 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल सरकारचे होते तोवर रात्री कुऱ्हाड घेऊन जाणे हा पराक्रम होता. जंगल गावाचे झाले आणि ती चोरी ठरली. माणसे तीच, कुऱ्हाडीही त्याच. गावाने चराईला आळा घातला, झाडे लावली, सीताफळे मुंबईपर्यंत विकली, 2014 साली जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला. त्या प्रकरणात मी थोडा जास्तच रमलो आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ज्या रीतींवर कोणीच हल्ला केला नाही आणि तरी त्या विरत चालल्या आहेत, त्यांच्याविषयी शेवटचे प्रकरण आहे. सिडोली त्यांतली एक. मेलेल्या माणसाला पूर्वजांत नेऊन बसवण्याचा हा विधी. त्याच्या नावाचा लाकडी मुंडा कोरायचा, त्यावर सूर्य, चंद्र, घोड्यावरचा स्वार. बकरे, मोहाची, साऱ्या नातेवाइकांचे जेवण. खर्च इतका की वर्षानुवर्षे थांबून चार घरे मिळून करतात. दिवाळीनंतर अर्धा ढाणा सोयाबीन-हरभऱ्याच्या कामाला, वीटभट्ट्यांवर खाली उतरतो तो होळीला परततो. होळीचे पाच दिवस कोणी चुकवत नाही. बायका रस्ता अडवून फगवा मागतात, मेघनाथाची पूजा होते. एवढ्यातच लग्ने, एवढ्यातच सिडोली बसवायची. लग्नाचा खर्च वाढला तशी सिडोली पुढे ढकलली जाऊ लागली. पटेलांच्या बापाचीही व्हायची आहे. म्हातारा सतरा वर्षे वाट बघतो आहे, असे ते म्हणतात.

त्या लग्नाला मी गेलो. डीजे होता, आणि डीजेचा जनरेटर बंद पडला तेव्हा ढोल आणि बासरी होती. मंगलाष्टके परतवाड्याहून आलेल्या भटजींनी माईकवर म्हटली. कोरकू बायकांनी तेवढा वेळ गप्प बसून घेतले आणि मग आपली गाणी सुरू केली. जेवणाआधी मांडवाच्या मागे पंच बसलेले दिसले, म्हणून जवळ गेलो. पटेल मुलीच्या बापाच्या हातावर पैसे ठेवत होते. एकशे एक्कावन्न रुपये.

"हे काय?" मी विचारले.

"देज," पटेल म्हणाले. "दिल्याबिगर पोरगी आपली कशी होईन?"

"मंग ते कपाट?"

"ते लोकायसाठी."

कपाट संध्याकाळी ट्रॅक्टरमधून उतरले. सहा फूट उंच, निळा रंग, दारावर आरसा, आरशावर अजून प्लास्टिक. चौघांनी ते उचलून दाराशी नेले. कोरकू घराचे दार ठेंगणे असते, आत जाताना मोठ्या माणसाला मान वाकवावी लागते. कपाट आधी उभे करून पाहिले, मग आडवे, मग तिरके. कोणी म्हणाले वरची चौकट काढा. पटेलांच्या बायकोने ठाम नकार दिला. ते ओसरीत भिंतीला लावून ठेवले आणि वर ताडपत्री टाकली.

पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो तेव्हाही ते ओसरीतच होते. खालच्या कप्प्यात कुटकीचे बियाणे, मधल्यात आधार कार्डे, रेशन कार्ड आणि उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा. वर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. सून आरशासमोर उभी राहून वेणी घालत होती. मला बघून तिने पदर डोक्यावर घेतला. तिच्या सासूने तो कधी घेतलेला मी पाहिला नव्हता.